खरगपूरमार्गे टोकियो: जनरल लमेचा हिशेब

मंडळी, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेलं कुणी आज इथे असेल, तर त्यांनी मनोरा असलेली ती जुनी लांबलचक इमारत नक्की पाहिली असेल. हिजलीची बंदिशाळा. १९३१ च्या सप्टेंबरात तिथे इंग्रज सरकारच्या पोलिसांनी नि:शस्त्र राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या. संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे त्यात गेले. पुढे १९५१ मध्ये त्याच वास्तूत देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. या दोन गोष्टी तिथल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. मधली तिसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. १९४४ साली तिथे अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचं मुख्यालय होतं, आणि त्या वर्षी २९ ऑगस्टला तिथे सदतीस वर्षांचा एक मेजर जनरल रुजू झाला. तोंडात सिगार, चेहऱ्यावर हसू नाही, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला कान द्यावा लागे. त्याचं नाव कर्टिस लमे.

आजचा विषय हा माणूस. त्याच्याविषयी बोलणाऱ्यांचे दोन तट आहेत. एकांना तो युद्ध लवकर संपवणारा कर्तबगार सेनापती वाटतो, दुसऱ्यांना शहरं जाळणारा राक्षस. दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. हा माणूस जन्मभर हिशेब करत राहिला. किती विमानं निघाली, किती पोचली, किती परतली, बॉम्ब कुठे पडले. शाळेत गणितात उदाहरण घालत असत ना, तशी उदाहरणं त्याला वरून घालून दिली गेली आणि त्याने ती सोडवली. उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं. उदाहरणं कोण घालत होतं आणि ती कशी बदलत गेली, तिकडे आज मला तुमचं लक्ष वेधायचंय.

त्याआधी हुद्द्याचा एक खुलासा. आपल्याकडे वायुदलात जनरल नसतो. एअर मार्शल, एअर चीफ मार्शल ही आपण इंग्रजांकडून घेतलेली पद्धत. अमेरिकेत १९४७ पर्यंत वायुसेना हा लष्कराचाच भाग होता, म्हणून तिथले वैमानिक कॅप्टन, कर्नल, जनरल अशा लष्करी पायऱ्या चढत. वेगळी वायुसेना झाल्यावरही हुद्दे तेच राहिले.

लमेचा जन्म १५ नोव्हेंबर १९०६ चा, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातला. वडील लोखंडकाम करणारे, मिळेल ती मजुरी करणारे. कामाच्या मागे कुटुंब मोंटाना, कॅलिफोर्निया असं फिरत राहिलं. पोरगा ओहायो राज्य विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीला गेला. फीसाठी रात्री पोलादाच्या ओतशाळेत काम करायचा आणि सकाळी वर्गात पेंगायचा. लष्करी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही घेतला होता. तिथे तोफखान्याचं एक पुस्तक त्याच्या हाती पडलं. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. १९२८ मध्ये पदवी अर्धवट सोडून तो उड्डाण शिकायला गेला, पदवी नंतर १९३२ मध्ये पुरी केली.

सुरुवातीला तो लढाऊ विमानं चालवायचा, म्हणजे तरुण वैमानिकांना हवी असतात ती. पण नकाशा आणि तारे वाचून दिशा काढायची विद्या त्याने हॅरॉल्ड गॅटी या टास्मानियाच्या माणसाकडून घेतली. गॅटी म्हणजे १९३१ मध्ये वायली पोस्टबरोबर विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा. या शिक्षणाने लमेची वाट बदलली. लढाऊ विमान हे बचावाचं हत्यार आहे, युद्ध ठरवणार बॉम्बर, असं त्याचं मत झालं आणि १९३७ मध्ये त्याने आपणहून बदली मागून घेतली.

त्या काळात अमेरिकी नौदल आणि वायुसेना यांच्यात सख्ख्या भावकीसारखं भांडण होतं. समुद्रावरचं संरक्षण कुणाचं? ऑगस्ट १९३७ मध्ये सराव ठरला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे कुठेतरी ‘यूटा’ ही युद्धनौका असेल, ती विमानांनी शोधायची. नौदलाने दिलेला ठावठिकाणाच एका अंशाने चुकीचा निघाला, म्हणजे साठ मैलांचा फरक. पहिल्या दिवशी नौका सापडली नाही. लमे प्रमुख दिशादर्शक होता. त्याने पुन्हा आकडेमोड केली, दुसऱ्या दिवशी नौका गाठली, आणि डेकवर निवांत असलेल्या खलाशांवर विमानांतून पाण्याचे बॉम्ब पडले.

पुढच्या वर्षी, १२ मे १९३८ ला, इटलीचं ‘रेक्स’ हे प्रवासी जहाज न्यूयॉर्ककडे येत होतं. ते किनाऱ्यापासून सहाशे मैलांवर असताना तीन बी-१७ बॉम्बर विमानांनी त्याला गाठायचं होतं. हवामान खराब, ढग खाली आलेले, आणि विमानात रेडिओवाले बसलेले, कारण हे थेट ऐकवायचं होतं. चुकला असता तर साऱ्या देशासमोर नाचक्की झाली असती. लमेने आधीच सांगून ठेवलं होतं की १२ वाजून २५ मिनिटांनी जहाज दिसेल. १२ वाजून २५ मिनिटांनी ढगाबाहेर आले, आणि जहाज नाकासमोर होतं. मला त्याच्या आयुष्यातला हा दिवस सगळ्यात आवडतो. बॉम्ब नाही, मरण नाही. समुद्रातलं एक जहाज आणि त्याला शोधणारं गणित, एवढंच.

मग युद्ध आलं. १९४२ मध्ये ३०५ क्रमांकाचा बॉम्बर गट त्याच्या हाती आला. पोरं अर्धीकच्ची शिकलेली आणि सरावाला विमानं अपुरी. याच सुमारास त्याच्या चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगासारखा झटका आला आणि ओठाचा कोपरा नीट हलेना. ते झाकायला पाइप किंवा सिगार तोंडात, अशी ती प्रसिद्ध छबी तयार झाली. लोकांना वाटायचं, साहेब कायम रागावलेले असतात.

इंग्लंडला पोचल्यावर त्याने आधी आलेल्यांना विचारलं, तुम्ही बॉम्ब टाकता कसे? उत्तर मिळालं, विमानविरोधी तोफा चुकवायला नागमोडी जायचं, दहा सेकंदांपेक्षा जास्त सरळ गेलात तर मेलात. लमेने छायाचित्रं पाहिली. बॉम्ब शेतात पडले होते. म्हणजे तोफा चुकवता चुकवता लक्ष्यही चुकत होतं, आणि मग तेच लक्ष्य मारायला पुन्हा जावं लागत होतं. त्या रात्री त्याने कॉलेजातलं तोफखान्याचं ते पुस्तक आठवून आकडेमोड केली. जमिनीवरून उडवलेले किती गोळे एका बी-१७ ला लागतील? त्याचं उत्तर आलं, एका विमानाला एक गोळा लागायला सुमारे ३७२ गोळे उडवावे लागतील. त्याच्या मते हा जुगार खेळण्याजोगा होता. २३ नोव्हेंबर १९४२ ला फ्रान्सच्या सेंट नझेर बंदरावर त्याने आपला गट एकदम सरळ नेला. कुणी इकडेतिकडे वळायचं नाही. पहिल्या विमानात तो स्वतः होता. लक्ष्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त बॉम्ब पडले, आणि तोफांनी त्याचं एकही विमान पाडलं नाही. मग हीच रीत सगळ्यांनी उचलली. विमानांनी एकमेकांच्या बंदुकांचं संरक्षण मिळेल अशा उंचसखल चौकटीत उडायचं, ही रचनाही त्यानेच घासूनपुसून तयार केली.

रॉबर्ट मॅकनमारा, जो पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला, तो तेव्हा वायुसेनेच्या सांख्यिकी विभागात होता. त्याने उतारवयात सांगितलेली हकिकत अशी: लक्ष्यापर्यंत न जाता अर्ध्यातून परतणाऱ्या विमानांचं प्रमाण वाढलं होतं. कारणं यांत्रिक दिली जात, खरं कारण भीती होती. लमेने हुकूम काढला की प्रत्येक मोहिमेत पहिल्या विमानात मी असेन, आणि जो उडेल तो लक्ष्यावरून जाऊनच परतेल, नाहीतर कोर्टमार्शल. परतणाऱ्यांचं प्रमाण रातोरात घसरलं. आता यात क्रूरपणा आहे की नाही? आहे. पण ‘पहिल्या विमानात मी’ हे वाक्य काढून टाका, मग उरतो तो नुसता क्रूरपणा. पोरं त्याला शिव्या घालत, फार सभ्य नसलेल्या टोपणनावांनी हाक मारत, आणि त्याच्या मागे जात.

१७ ऑगस्ट १९४३ ला जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या विमान कारखान्यावर तो १४६ विमानं घेऊन गेला. श्वाइनफुर्टला जाणारी दुसरी फौज त्याच वेळी निघायची होती, म्हणजे जर्मन लढाऊ विमानं विभागली गेली असती. इंग्लंडात धुकं होतं. लमेने आपल्या वैमानिकांना धुक्यात उडायचा सराव करून घेतला होता, त्याची विमानं उडाली. दुसरी फौज तासन्‌तास अडकली. परिणाम असा की जर्मनांना दोघांचा समाचार सवडीने, एकेकट्याचा घेता आला. लमेची २४ विमानं गेली, दुसऱ्या फौजेची ३६. एका विमानात दहा माणसं असत. गुणाकार तुम्ही करा.

आता खरगपूर.

बी-२९ हे लांब पल्ल्याचं बॉम्बर विमान म्हणजे त्या युद्धातलं सगळ्यात महाग हत्यार. अणुबॉम्बच्या प्रकल्पाला सुमारे दोन अब्ज डॉलर लागले, बी-२९ ला तीन. ते अजून पुरतं तयार नव्हतं, इंजिनं तापून पेट घेत, पण वॉशिंग्टनला ते ताबडतोब जपानवर हवं होतं. प्रशांत महासागरातली बेटं अजून हाती आली नव्हती. मग योजना निघाली ती अशी: मुख्य तळ बंगालमध्ये, पुढचे तळ चीनमध्ये चेंगडूच्या आसपास, आणि मधे हिमालय. खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी इथे धावपट्ट्या झाल्या. यातलं चाकुलिया आज झारखंडात आहे. जवळचं कलाईकुंडा आजही आपल्या वायुदलाचा मोठा तळ आहे. जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांच्या तुकड्या बोटीने मुंबईत उतरून रेल्वेने बंगालला गेल्या. चेंगडूला लाखो शेतकऱ्यांनी दगड फोडून, माणसांनी ओढायचे रूळ फिरवून धावपट्ट्या बांधल्या. आणि आपल्या बाजूला? १९४३ च्या दुष्काळाने बंगालची काय दशा झाली होती हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्या प्रांतात लाखो माणसं अन्नावाचून गेली, त्याच प्रांतात दुसऱ्या वर्षी जगातली सगळ्यात महागडी विमानं उभी होती. अमेरिकी आठवणींमध्ये खरगपूर येतं ते उकाडा, धूळ आणि पाऊस म्हणून. दुपारी विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नसे, म्हणून दुरुस्तीची कामं रात्री चालत. हे खरंच आहे. पण तळाबाहेर काय चाललं होतं त्यावर त्या आठवणी बहुतेक मुक्या आहेत, आणि आपल्याकडच्यांनीही त्या तळांविषयी फार थोडं लिहून ठेवलं. ही आपली हयगय.

या योजनेचा हिशेब मुळातच फसलेला होता. चीनमध्ये पेट्रोल नाही. म्हणजे बी-२९ ने जपानवर एकदा जायचं तर त्यासाठी पुरेसं पेट्रोल साठवायला आधी पाच-सहा वेळा हिमालय ओलांडायचा, तोही पेट्रोल जाळत. लमेला हे आल्या आल्या कळलं. तक्रार नोंदवली आणि कामाला लागला. वरिष्ठांनी त्याला एकाच मोहिमेवर जायची परवानगी दिली. ८ सप्टेंबरला मांचुरियातल्या आनशानच्या पोलाद कारखान्यावर तो गेला. जपानी लढाऊ वैमानिकांना बी-२९ चा वेग अजून नीट हेरता येत नाही हे डोळ्यांनी पाहून आला, आणि चार-चार विमानांची रचना मोडून बारा-बाराची केली. ५ नोव्हेंबरला खरगपूरच्या तळांवरून विमानं थेट सिंगापूरला गेली आणि परत आली, जवळजवळ चार हजार मैलांची फेरी. तिथली जहाजदुरुस्तीची प्रचंड सुकी गोदी त्यांनी बरेच दिवस निकामी केली. ती गोदी इंग्रजांनी बांधलेली, जपान्यांनी घेतलेली, आणि मोडली अमेरिकनांनी, भारतातून जाऊन.

एक मजेशीर बाब सांगून पुढे जातो. जपानचं हवामान पश्चिमेकडून येतं, म्हणून उत्तर चीनमधल्या हवामानाच्या बातम्या हव्या होत्या. तिथे होता माओ त्से तुंग. पुढे जन्मभर कम्युनिस्टांचा कट्टर शत्रू म्हणून गाजलेल्या लमेने माओशी संधान बांधलं. औषधं आणि रेडिओ पाठवले, बदल्यात हवामानाच्या बातम्या आणि पडलेल्या वैमानिकांची सुटका मिळवली. हिशेबात बसत असेल तर त्याला कोणाचंही वावडं नव्हतं.

पण या पर्वातली जी तारीख मला महत्त्वाची वाटते ती १८ डिसेंबर १९४४. हानकाऊ, म्हणजे आजच्या वुहानचा एक भाग, जपानी सैन्याचं मोठं ठाणं होतं. चीनमधला अमेरिकी सेनानी शेनॉल्ट ते जाळा म्हणून मागे लागला. लमे आधी नाखूश होता, मग हुकूम आला. ८४ बी-२९ विमानांनी पाचशे टनांहून जास्त, मुख्यतः आगलावे बॉम्ब टाकले. नदीकाठची गोदामं आणि वस्ती तीन दिवस जळत होती. मोहीम यशस्वी, अशी नोंद झाली. ठाणं जपान्यांचं होतं, पण शहर चिनी होतं, अमेरिकेच्या मित्रराष्ट्राचं. ‘रेक्स’च्या वेळी उदाहरणात एक जहाज होतं, रेगेन्सबुर्गला कारखाना होता. हानकाऊला पहिल्यांदा शहर आलं.

जानेवारी १९४५ मध्ये लमेला प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर हलवलं. ग्वामसह मारियाना बेटं हाती आल्यामुळे जपान आता टप्प्यात होतं. तिथला आधीचा सेनापती हेवूड हॅन्सेल हा अचूक बॉम्बफेकीचा खंदा पुरस्कर्ता. दिवसा, उंचावरून, फक्त कारखाने, हे त्याचं तत्त्व. पण जपानवर तीस हजार फुटांवर वारे इतके जबर वाहतात की बॉम्ब भलतीकडे जात, आणि ढग तर कायमचेच. टोकियोजवळच्या विमान इंजिनांच्या कारखान्यावर पुन्हा पुन्हा हल्ले केले, फारसं काही साधलं नाही. हॅन्सेलला काढलं. मला इथे थांबून सांगावंसं वाटतं की हॅन्सेलला काढणं हाच निर्णय होता. कुणाला आणायचं हे ठरलं तेव्हाच पुढे काय होणार हे बरंचसं ठरलं, आणि तो निर्णय ग्वामवर नाही, वॉशिंग्टनमध्ये झाला.

आग लावायची कल्पनाही लमेची नाही. १९४३ मध्येच यूटाच्या वाळवंटात डगवे इथे जपानी पद्धतीची घरं बांधून, आत तातामी चटया वगैरे घालून, ती कशी पेटतात याच्या चाचण्या झाल्या होत्या. ती घरं आखून देणारा वास्तुकार अँटोनिन रेमंड. अनेक वर्षं जपानमध्ये राहिलेला, तिथल्या घरांवर जीव असलेला माणूस. आणि हाच रेमंड पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातल्या ‘गोलकोंड’ या वसतिगृहाचा वास्तुकार. आपल्या देशातल्या आधुनिक वास्तुकलेचा तो एक पहिला आणि फार सुंदर नमुना आहे. ध्यानधारणेसाठी घर आणि जाळून पाहण्यासाठी घर, दोन्ही एकाच हातची, दोन्ही त्याच काही वर्षांतली. यावर मी भाष्य करत नाही, तुम्ही पाँडिचेरीला गेलात तर पाहून या.

लमेने भर घातली ती त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. पहिले काही आठवडे त्यालाही यश आलं नाही. मग त्याने छायाचित्रं पुढ्यात घेतली. जपान्यांच्या जड तोफा उंचावर मारा करतात, हलक्या तोफा अगदी खाली. मधल्या पाच ते नऊ हजार फुटांच्या पट्ट्यात काय आहे? फारसं काही नाही. रात्री उडणारी लढाऊ विमानंही जपानकडे मोजकीच. खालून गेलं तर वर चढायला लागणारं पेट्रोल वाचतं, इंजिनं तापत नाहीत. रचना करून उडायची गरज नाही. बंदुका आणि गोळ्या काढून टाकल्या तर तेवढं वजन बॉम्बचं नेता येतं. वैमानिकांना सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे पांढरे पडले. आपल्याला मरायला पाठवतायत असंच त्यांना वाटलं. या वेळी मात्र पहिल्या विमानात लमे नव्हता. अणुबॉम्बची माहिती असल्यामुळे त्याला शत्रूच्या हद्दीत जायला मनाई होती. नेतृत्व थॉमस पॉवरने केलं.

९ मार्च १९४५ च्या रात्री ३३४ विमानं निघाली, २७९ टोकियोवर पोचली. सुमिदा नदीकाठचा शितामाची भाग. लाकूड आणि कागदाची दाट घरं, कामगार, कारागीर, छोटे दुकानदार. जोराचा वारा सुटला होता. १६६५ टन आगलावे बॉम्ब. आगीच्या झोताने बी-२९ सारखी अवजड विमानं शेकडो फूट वर फेकली जात होती. शेवटी आलेल्या विमानांत जळक्या मांसाचा वास शिरला आणि माणसांना ओकाऱ्या झाल्या, हे त्यांनीच सांगितलंय. लोक कालव्यांत उतरले, तिथे पाणी तापलं. सकाळपर्यंत ४१ चौरस किलोमीटर शहर उरलं नव्हतं. मेलेल्यांचा नेमका आकडा कधीच लागला नाही, साधारण एक लाख धरतात. दहा लाखांवर लोक बेघर झाले. लमेची १४ विमानं गेली. म्हणजे त्याच्या कोष्टकाप्रमाणे उत्तर बरोबर आलं.

पुढच्या दहा दिवसांत नागोया, ओसाका, कोबे, पुन्हा नागोया. आगलावे बॉम्ब संपले म्हणून थांबले. ऑगस्टपर्यंत साठाहून जास्त शहरं जाळून झाली. हिरोशिमाची विमानं गेली तोवर जाळायला मोठं शहर शोधावं लागत होतं.

लमेचं समर्थन ठरलेलं होतं. जपानी कारखानदारी घराघरांत पसरली आहे, जळलेल्या वस्तीत प्रत्येक घराच्या जागी भोकं पाडायचं यंत्र उभं दिसतं, हे तो सांगे. त्यात तथ्य होतं, पण एक लाख माणसांएवढं नव्हतं. आणि जी पोरं जपानच्या किनाऱ्यावर उतरताना मेली असती ती वाचली, हे दुसरं. हा युक्तिवाद अजून चालतो आणि त्यात जपानच्या हट्टी सेनाधिकाऱ्यांचा वाटा विसरून चालणार नाही. मला मात्र त्याच लमेचं दुसरं एक काम समोर ठेवावंसं वाटतं. मार्च १९४५ पासून त्याच्या विमानांनी जपानच्या बंदरांत आणि सामुद्रधुनीत सुरुंग टाकले. नौदलाची मागणी होती, वायुसेनेत फारसा उत्साह नव्हता. एकूण उड्डाणांपैकी सहा टक्केसुद्धा त्यावर खर्च झाली नाहीत, आणि ६७० जहाजं बुडाली किंवा निकामी झाली. जपानचं अन्न आणि कोळसा अडकला. उपासमार ही काही दयाळू गोष्ट नाही, बंगालच्या माणसाला विचारा. पण हा मार्ग खुला होता आणि हिशेबाच्या भाषेतही स्वस्त होता. ते उदाहरण त्याला कुणी मुख्य म्हणून घातलं नाही, आणि त्यानेही मागून घेतलं नाही.

मॅकनमाराने आणखी एक आठवण सांगितली आहे. लमे म्हणाला होता, आपण हरलो असतो तर आपल्या सगळ्यांवर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते. वाक्य प्रसिद्ध आहे. लोक त्यात पश्चात्ताप शोधतात. मला तो तिथे दिसत नाही. तोही एक हिशेबच आहे.

शांततेतली कारकीर्द मी जरा भरभर सांगतो. १९४८ मध्ये तो युरोपातल्या अमेरिकी वायुसेनेचा प्रमुख होता. स्टालिनने बर्लिनची रसद तोडली तेव्हा जर्मनीतला अमेरिकी लष्करी प्रशासक जनरल क्ले याने त्याला फोनवर विचारलं, तुमच्या विमानांतून कोळसा नेता येईल का? वायुसेना काहीही नेईल, असं उत्तर गेलं. बर्लिनच्या हवाई पुरवठ्याची सुरुवात अशी झाली. शहरं जाळणाऱ्याने सुरुवात करून दिलेलं एक शहर जगवायचं काम! त्याचं श्रेय मात्र पुढे ते तडीस नेणाऱ्या टनरला जास्त मिळालं, आणि ते रास्तच आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरात स्ट्रॅटेजिक एअर कमांड त्याच्याकडे आली, म्हणजे अमेरिकेची अण्वस्त्रं वाहणारी विमानं. मुख्यालय नेब्रास्कात, ओमाहाजवळ. त्याने आल्यावर परीक्षा घेतली. ओहायोतल्या डेटन शहरावर रात्री, उंचावरून, खोटा हल्ला करायचा. एकाही विमानाला ठरल्याप्रमाणे काम पुरं करता आलं नाही. जगाला धाक दाखवणारी ही फौज कागदावरचीच होती. मग नऊ वर्षं त्याने ती रात्रंदिवस सरावाने घडवली. आणि हे सांगायला हवं, की त्याला माणसं राबवता येत तशी जपताही येत. मोठ्या बराकी मोडून खोल्या केल्या, स्वयंपाक्यांना चांगल्या हॉटेलांत शिकायला पाठवलं, मोटारी खोलून जोडायच्या छंदशाळा काढल्या. तळांच्या धावपट्ट्यांवर मोटारींच्या शर्यती लावल्या. १९५१ मध्ये चार तारे, म्हणजे पूर्ण जनरलचा हुद्दा, मिळाले तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

पण उदाहरण पुन्हा बदललं होतं आणि या वेळी ते सुटणारं नव्हतं. अण्वस्त्रं दोन्हीकडे असताना किती विमानं परतली याला अर्थ नसतो, कारण परतायला गाव उरत नाही. लमेला हे कधी पुरतं पटलं असं वाटत नाही. १९६१ मध्ये तो वायुसेनेचा प्रमुख झाला. १९ ऑक्टोबर १९६२ ला, क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांचा पेच चालू असताना, व्हाइट हाउसमध्ये बैठक होती. ती ध्वनिमुद्रित आहे. लमे अध्यक्ष केनेडीला म्हणाला, नुसती नाकेबंदी म्हणजे म्युनिकच्या शरणागतीइतकंच वाईट. म्युनिक म्हणजे १९३८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन हिटलरपुढे नमला तो करार. केनेडीचे वडील त्या काळात लंडनला राजदूत होते आणि चेंबरलेनच्या बाजूचे होते, म्हणजे वार वर्मी होता. पुढे तो म्हणाला, तुम्ही चांगलेच अडचणीत आहात. केनेडी म्हणाला, तुम्हीही माझ्याबरोबर आहात, जातीने. लमेचा आग्रह थेट हल्ल्याचा होता. क्युबात त्या वेळी अण्वस्त्रं पोचलेली होती, रणांगणात वापरायचीसुद्धा, हे अमेरिकेला कित्येक वर्षांनी कळलं. केनेडीने त्याने मांडलेलं गणित नाकारलं. लमेच्या कारकिर्दीत इतक्या वरून, इतक्या ठामपणे त्याला ‘नाही’ म्हटलं गेलं ते बहुधा पहिल्यांदा. १९४५ मध्ये तसं म्हणणारं कुणी नव्हतं.

१९६५ मध्ये तो निवृत्त झाला. उत्तर व्हिएतनामला बॉम्बफेकीने अश्मयुगात पाठवू, हे त्याच्या आत्मचरित्रातलं वाक्य जगभर गेलं. ते माझे शब्द नव्हते, सहलेखकाने घातले, असं तो नंतर म्हणे. १९६८ मध्ये वंशभेदाचा पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस याच्याबरोबर तो उपाध्यक्षपदासाठी उभा राहिला. ३ ऑक्टोबरला पिट्सबर्गला पत्रकारांसमोर अण्वस्त्रांची आपल्याला उगाच भीती वाटते असं बोलून बसला, अणुचाचण्या झालेल्या बिकिनी बेटावर उंदीर कसे धष्टपुष्ट झालेत ते सांगत राहिला, आणि वॉलेस शेजारी उभा राहून घाम पुसत होता म्हणतात. त्या जोडीला साडेतेरा टक्के मतं पडली. १ ऑक्टोबर १९९० ला कॅलिफोर्नियात तो वारला.

राहिली जपानची गोष्ट. डिसेंबर १९६४ मध्ये जपान सरकारने लमेला ‘उगवत्या सूर्याचा’ प्रथम श्रेणीचा सन्मान दिला. कारण दिलं, जपानचं नवं हवाई स्वसंरक्षण दल उभं करायला केलेली मदत. यात पुढाकार होता मिनोरू गेंदा याचा. तोच गेंदा, ज्याने १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या हल्ल्याची आखणी केली होती. त्या हल्ल्यात बुडालेल्या नौकांत ‘यूटा’ही होती, लमेने पाण्याचे बॉम्ब टाकलेली.

टोकियोच्या त्या रात्रीतून वाचलेल्या माणसांनी २००७ मध्ये न्यायालयात दावा लावला. अमेरिकेवर नाही, आपल्याच सरकारवर. सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना युद्धानंतर निवृत्तिवेतन मिळालं, जळालेल्या नागरिकांना काहीच नाही, हे त्यांचं म्हणणं. भरपाई द्या आणि माफी मागा, ही मागणी. दावेकरी बहुतेक सत्तरी-ऐंशीतले, त्या रात्री लहान मुलं असलेले. डिसेंबर २००९ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला.